बा सांगतो ते लॅटिनात नसतं

ऑलिव्ह झोडपायला लागल्याचा तिसरा दिवस

नाम्फामोदादा,

हे पत्र तेलाच्या खेचरांबरोबर येतंय, त्यामुळे त्याला वास येणारच. नाक मुरडू नकोस. याच वासावर तू शिकलास.

बोली आपली आणि अक्षरं लॅटिनची, असं लिहितेय. तू शिकवलंस तेवढंच येतं. धडे अर्ध्यात आले आणि तू पळालास. त्यामुळे मला लॅटिनातलं ऐकून बरंचसं कळतं, पण बोलायला गेले की शेळी खोकल्यासारखं होतं.

आई बरी आहे. घाणा जोरात आहे. बा तुझं नाव घेत नाही. घ्यायचीच वेळ आली तर 'तो कार्थेजवाला' म्हणतो, आणि कार्थेज असं म्हणतो की जणू कुणाच्या पायाला झालेलं गळू. परवा आईनं ताटात एक भाकरी जास्त ठेवली, सवयीनं. बानं ती उचलून कुत्र्याला घातली, आणि मग कुत्र्यालाच बोलला, "तू तरी पळू नकोस."

तुला वाटत असेल, वर्ष झालं, गाव विसरलं असेल. गिबार काही विसरत नाही. अजून विहिरीवर बायका पाणी भरता भरता बोट दाखवतात: "इथून उडी मारली बघ त्यानं." दर महिन्याला ती उडी हातभर लांब होते.

दादा, रीत तुलाही माहीत होती. पाळक वारला की बिशप येतो, सगळं गाव देवळात जमतं, कुणीतरी एक नाव ओरडतं आणि मग सगळे तेच ओरडतात. ज्याचं नाव ओरडलं तो पाळक. त्यानं नको नको म्हणायचं, पळायचं. लोकांनी धरून आणायचं. बिशपनं डोक्यावर हात ठेवायचे. जो पळत नाही त्याचा लोकांना संशय येतो, याला एवढी हौस कशाची म्हणून. पण पळायचं ते विहिरीपर्यंत. विहिरीशी दोन दांडगे उभे केलेले असतात. तू त्या दोघांच्या मधून गेलास आणि थेट कार्थेजला जाऊन थांबलास. बिशप हात पुढे करून तसाच उभा. त्या रिकाम्या हातांसमोर बा पुढे झाला आणि म्हणाला, "याच्यापुढे मला मुलगा नाही." ते तू ऐकलं नाहीस. तोवर तू ऑलिव्हच्या बागा ओलांडून गेला होतास.

तुझं नाव पहिल्यांदा कोण ओरडलं, हे अजून कुणालाच कळलेलं नाही. बायकांच्या बाजूनं आवाज आला म्हणतात. असेल कुणीतरी.

आता खरी बातमी. उन्हाळ्यापासून आपल्याकडे नवा पाळक आलाय. लिबेरालिस नाव. शहरातला, पोरगेलासा, नाक सदा गळतं, मन चांगलं. आपल्या बोलीतला एक शब्द येत नाही. देवळात लॅटिनात बोलतो, आणि गावाला लॅटिन म्हणजे करवसुलीवाल्याची भाषा, ऐकली की हात आपोआप कोंबडी लपवायला जातो. म्हणून बाला दुभाष्या केलंय. वीस वर्षं बंदरावर तेल विकलेलं, लॅटिन पक्कं. लिबेरालिस एक वाक्य बोलतो, थांबतो, बा ते आपल्या बोलीत सांगतो.

आता नीट ऐक. हे कुणाला सांगू नकोस. बा सांगतो ते लॅटिनात नसतं.

तुझी बहीण,
रोगाता

(आई म्हणते, मुलगी देवाकडे मागून घेतली म्हणून रोगाता नाव ठेवलं, पण मागताना जरा नीट सांगायला हवं होतं.)


घाण्यावर तेलाचा पहिला हौद भरला त्या आठवड्यात

दादा,

तुझं उत्तर नाही. खेचरवाला म्हणाला, हातात दिलं. म्हणजे तू वाचलंस. बाप तसा लेक.

तरी लिहिते, कारण हे पोटात ठेवलं तर मी फुटेन.

मागल्या रविवारी लिबेरालिसनं नाटकशाळांवर प्रवचन केलं. रथांच्या शर्यती, नाचणाऱ्या बाया, मुखवटे घातलेले नट, यांपासून दूर राहा म्हणाला. गिबारमध्ये आजवर नाटक म्हणून काय झालं असेल तर ते तुझं पळणं. लोक आपले मान डोलावून बघतायत. बा खाकरला, आणि आपल्या बोलीत म्हणाला:

"पाळक म्हणतात, पाण्याची पाळी ठरवून दिलेली आहे. डोंगरावरून येणारा पाट एकाच्या शेतात सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या प्रहरापर्यंत, मग पुढच्याच्या. हे आपल्या आजोबांनी दगडावर कोरलंय. आणि एक माणूस, नाव नाही घेत, पहाटे उठून विधवेच्या पाळीत पाटाची मेख काढतो आणि पाणी आपल्याकडे वळवतो. पाळक म्हणतात, देव पहाटे उठतो बरं का."

लिबेरालिसनं दोन्ही हात वर करून घोड्यांबद्दल काहीतरी सांगितलं. बा म्हणाला, "पाळक म्हणतात, त्या माणसाची बायको त्याला म्हणाली होती, असं करू नका. बायकोचं ऐकलं असतं तर आज देवळात मान खाली घालून बसायची वेळ आली नसती."

सगळ्या माना फिरल्या. गबिनियसची मान खाली. त्याच्या बायकोची वर.

मी हसू दाबायला अंगावरच्या चादरीचं टोक तोंडात कोंबलं. आईनं मला असा चिमटा काढला की अजून निळं आहे. पण आईलाही माहीत आहे की नाही कुणास ठाऊक. तिला लॅटिन येत नाही, पण बाला ती ओळखते.

दुसऱ्या दिवशी विधवा सनिताच्या शेतात पाणी मधल्या वाफ्यापर्यंत आलं. गबिनियसनं स्वतः पाट साफ केला. आणि लिबेरालिसला वाटलं, गावानं रथांच्या शर्यती सोडल्या. इतका खूश झाला की त्यानं आमच्या घरी येऊन गोगलगायी खाल्ल्या, तीन वाट्या, आणि प्रत्येक वेळी डोळे मिटून.

मी बाला घाण्यावर गाठलं. म्हटलं, "बा, लिबेरालिस तसं बोलला नव्हता."

बा दगडाकडे बघत म्हणाला, "तुला लॅटिन कितीसं कळतं."

"घोडे कळतात."

त्यानं दगडावरचा चोथा खरवडला. मग म्हणाला, "तुझा तो कार्थेजवाला सांगायचा ना, समुद्रापलीकडे रोममध्ये ग्रीकमध्ये प्रार्थना पुटपुटत होते तेव्हा आपल्या आफ्रिकेनं देवाला लॅटिन शिकवलं म्हणून. मग आपली बोली शिकायला देव आता म्हातारा झाला का?"

दादा, एक बघ. त्यानं तुझी गोष्ट काढली. नाव नाही घेतलं, पण काढली.

आता वाईट बातमी. लिबेरालिसनं बिशपला पत्र धाडलंय: माझ्या प्रवचनांनी गिबार सुधारलं, येऊन बघा. आणि बिशप येतोय. आपल्या गावची हुतात्मा जुगमेना, तिच्या दिवशी, टेकडीवर, तिच्या समाधीपाशी. बरोबर त्याचा मदतनीस डीकन येणार, आणि खेचरवाल्यानं सांगितलं की तो डीकन आपल्याच डोंगरातला, आपली बोली त्याची आईची बोली. तो बाचं ऐकणार आणि बिशपच्या कानात सांगणार.

तू तिथे बिशपांच्या कचेरीत भराभर लिहून घ्यायचं काम करतोस. देवळात पाळकाचं म्हणून खोटं सांगणाऱ्याला काय करतात? वाळीत टाकतात ना? प्रसादाला बंदी, समाधीवर जेवायला बंदी, मेल्यावर आपल्या माणसांत पुरायला बंदी. बाला मी सांगितलेलं नाही. सांगू का? एवढं तरी कळव. माझ्यासाठी नको, बासाठी कळव.

रोगाता


शेवटचं ऑलिव्ह उतरलं त्या दिवशी

दादा,

तुझं पत्र आलं. एकच ओळ. 'बाला सांग, शब्दाला शब्द सांगत जा.' ना आईची चौकशी ना कुत्र्याची. पण आईनं ते पत्र उशीखाली ठेवलंय. तिला वाचता येत नाही, म्हणून मी तिला दहा ओळी वाचून दाखवल्या. तू फार छान लिहिलंयस. तिला खजुराची आठवण येते का म्हणून विचारलंयस. (हे खरं धरून पुढच्या वेळी तसं लिही.)

बाला मी डीकनचं सांगितलं. तो पिठासारखा पांढराफटक पडला. मग म्हणाला, "ठीक. शब्दाला शब्द."

तुझा सल्ला आम्ही परवा रविवारी करून पाहिला. दादा, असा रविवार शत्रूवर येऊ नये.

लिबेरालिस म्हणाला, आत्मा हे जहाज आहे, वासना म्हणजे वादळ, आणि श्रद्धा हे सुकाणू. बानं शब्दाला शब्द सांगितलं. गिबारमध्ये जहाज पाहिलेला माणूस म्हणजे एक बाच. लोक वाट बघतायत, आता पुढे खरं काय ते येईल म्हणून. पुढे शिड आलं. मग नांगर आला. मागे कुणीतरी घोरायला लागलं. एक शेळी दारातून आत आली, सगळ्या देवळातून फिरली, आणि तिच्याकडे लोकांनी जितकं लक्ष दिलं तितकं शिडाकडे नाही दिलं. शेवटी म्हातारी सनिता उठून मोठ्यानं म्हणाली, "यादेर, तुला बरं नाही का रे?"

बा म्हणाला, "बरं आहे, आत्या."

"मग पोटात दुखतंय का?"

लिबेरालिसनं बाला विचारलं, ती काय म्हणतेय. बा म्हणाला, "तिला तुमचं प्रवचन आवडलं."

म्हणजे बघ. शब्दाला शब्द सांगायचं ठरवून उभा राहिलेला माणूस, तोही शेवटी घसरलाच.

लिबेरालिस त्या दिवसापासून जेवत नाही. त्याला वाटतंय, त्याच्यातली कृपा गेली. आमच्या अंगणात बसून गळकं नाक पुसतो आणि विचारतो, "रोगाता, माझं काय चुकलं?" मी लॅटिनात म्हटलं, "घोडे चांगले होते." त्याला काही कळलं नाही.

एवढं सगळं लिहिलं ते एक गोष्ट लिहायची टाळत होते म्हणून. आता लिहिते. पत्र वाचताना उभा असलास तर बस.

तुझं नाव मी ओरडले होते.

तू शहरातून आला होतास, नवा झगा, केस तेल लावून मागे फिरवलेले, आणि बिशपशी लॅटिनात अशी मान वाकडी करून बोलत होतास की माझे हात शिवशिवले. तुला आठवतं ना, मी तुझ्या जोड्यात गोगलगायी घालायचे, तसंच. म्हटलं, एकदा ओरडावं, लोक हसतील, तुझी मान सरळ होईल. सगळे गप्प होते तेव्हा ओरडले. पण कुणी हसलंच नाही. शेजारची ओरडली. मग तिच्या शेजारची. मग पुरुषांच्या बाजूनं. भिंतीवरची धूळ पडायला लागली तेव्हा मला कळलं की आता हे माझ्या हातातलं राहिलं नाही. तू मागे वळून बायकांच्या बाजूकडे बघितलंस. मी खाली बसले.

हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं असं, की मला नुसतं हसवायचंच नव्हतं. पाळक झालास की गाव सोडता येत नाही. तू दोन दिवसांत परत जाणार होतास.

बस. आता वाटल्यास एक ओळही लिहू नकोस.

रोगाता


जुगमेनाच्या दिवसाचा दुसरा दिवस, बदामाला फूल आलंय

दादा,

'तुझा आवाज मी लाखात ओळखतो, देवळातच ओळखला होता.' असं लिहिलंस. मग मला वर्षभर का तळमळू दिलंस? चांगलं केलंस. माझ्यावरची तुझी एक उधारी फिटली, त्या गोगलगायींची.

आता कालचं सांगते. सगळं सांगते, मध्ये थांबवू नकोस.

सकाळी सगळं गाव टेकडीवर. कढया घेऊन, सातूची लापशी, भाकऱ्या, वाइनचे बुधले. जुगमेनाच्या समाधीवर दर वर्षीसारखी आधी वाटीभर लापशी तिच्यासाठी ठेवली, मध घालून. शहरातले आपल्या हुतात्म्यांच्या नावांना हसतात, जीभ वळत नाही म्हणतात. वळत नसेल. पण ख्रिस्ताला सोडा म्हणणाऱ्या रोमी साहेबासमोर उभं राहायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा हीच नावं पुकारली गेली होती ना.

बिशप खुर्चीवर बसला. तोच मागच्या वर्षीचा म्हातारा. त्याच्या मागे डीकन, उंच, काळाभोर, आणि तोंड आपल्या मामासारखं, म्हणजे आत हसतोय की रागावलाय ते कळत नाही असं. डीकनपाशी एक लेखनिक, तुझ्यासारखा, मेणाची पाटी घेऊन.

लिबेरालिस उभा राहिला. म्हणाला, हे कन्ये, तू रोमच्या थोर स्त्रियांना लाजवलंस, तुझं धैर्य संगमरवरासारखं शुभ्र आणि थंड. बानं शब्दाला शब्द सांगितलं. डीकन बिशपच्या कानाशी वाकला, काही बोलला नाही, सरळ झाला. सगळं ठीक. माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात सनिताआत्या. "यादेर, जुगमेना संगमरवराची कधी होती? माझ्या पणजीनं तिला शेळ्या राखताना बघितलीय. आज तिचा दिवस आहे. आज तरी नीट सांग की."

बा उभाच राहिला. लिबेरालिस पुढचं वाक्य बोलून थांबला. बा समाधीवरच्या वाटीकडे बघत राहिला. मी मनात म्हटलं, शब्दाला शब्द, बा, शब्दाला शब्द.

आणि बानं तोंड उघडलं.

म्हणाला, "जुगमेनाला लॅटिन येत नव्हतं. साहेबाला आपली बोली येत नव्हती. मग मध्ये दुभाष्या होता. त्याचं नाव कुणी लक्षात ठेवलं नाही, दुभाष्याचं ठेवत नसतात. आपल्याच गावचा असणार. असेल माझ्यासारखाच तेलवाला. साहेबानं विचारलं, हिला विचार, ख्रिस्ताला सोडतेस का. दुभाष्यानं त्या पोरीकडे बघितलं. एवढीशी पोर, पायाला चिखल. त्याला वाटलं, वाचवावी. तर तो तिला म्हणाला, 'साहेब विचारतायत, शेळ्या विकायच्यात का. तू फक्त हो म्हण.'"

लापशी ढवळणारीनं पळी कढईतच सोडली.

"जुगमेना अडाणी होती, पण शेळ्या राखणारीला माणूस कळतो. ती म्हणाली, 'काका, शेळ्यांसाठी एवढे शिपाई आणत नाहीत. त्यानं विचारलं तेच मला सांगा. तुमच्या मनातलं नको.'"

आणि इथे बाच थांबला. दादा, त्याच्या तोंडातून ते वाक्य बाहेर पडलं आणि मग त्याच्या कानात गेलं, असं मी डोळ्यांनी बघितलं. तो वळला. लिबेरालिसकडे, मग बिशपकडे. आणि लॅटिनात म्हणाला, हळू, म्हणून मला सगळं कळलं:

"उन्हाळ्यापासून मी या पाळकांची प्रवचनं सांगितलेली नाहीत. मी माझंच सांगत आलो. त्यांना ठाऊक नाही. गावालाही नाही. दोष माझ्या एकट्याचा."

बिशपनं डीकनकडे बघितलं. "तुला कळत होतं?"

डीकन म्हणाला, "संगमरवर संपल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"पुढे काय होतं ते ऐकत होतो."

बिशपचा चेहरा लापशी करपल्यासारखा झाला. म्हणाला, "पवित्र जागी पाळकाच्या तोंडचं म्हणून स्वतःचं सांगणं," आणि पुढचं मला कळलं नाही, पण लेखनिक लिहायला लागला. आईनं माझा हात धरला, चिमटा न काढता. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या ओरडण्यानं या घरातला एक माणूस आधीच गेला होता.

तेव्हा लिबेरालिस समाधीच्या कडेवर बसला. बाला म्हणाला, "नाटकशाळांचं प्रवचन. ते काय सांगितलंस?"

"पाण्याची पाळी."

"म्हणून पाणी आलं?"

"हो."

"आणि वासनेवरचं? सगळे रडले होते ते?"

"एका शेळीचं पिल्लू हरवतं, ती गोष्ट."

"जहाज?"

"जहाज तुमचंच होतं," बा म्हणाला. "शब्दाला शब्द."

लिबेरालिसनं नाक पुसलं. एकदा. दोनदा. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय बिचारा. हसत होता. असा हसला की शिंका यायला लागल्या. म्हणाला, "म्हणजे माझ्यातली कृपा गेली नव्हती. ती कधी आलीच नव्हती. महिनाभर उपाशी राहिलो मी." मग तो समाधीच्या कडेवर चढला, गावाकडे तोंड केलं आणि जितका आवाज होता तितक्या आवाजात ओरडला, "यादेर."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. बिशपलाही नाही. मग सनिताआत्या. "यादेर." मग गबिनियस, आणि तो बायकोच्या आधी ओरडला हे लिहून ठेव. मग सगळे. मी ओरडले का विचारशील. ओरडले, पण सगळ्यांत शेवटी. डीकननं डोळ्यांनीच लेखनिकाला खूण केली, की आधीचं खोड आणि या हाका मोज. त्यानं मोजलं. एक्केचाळीस वेळा.

बा म्हणाला, "नको." मग म्हणाला, "नको, नको." आणि पळाला.

रीतीनं पळायचं ते कुंपणापर्यंत, तिथे दोघे उभे केले होते. बा कुंपणाकडे गेलाच नाही. तो समाधीला वळसा घालून उताराला लागला, झगा वर धरून, पोट पुढे, आणि वाटेत लापशीची मोठी कढई. कढई उलटली, बा तिच्यावरून गेला, एक वहाण लापशीत राहिली. घसरत बोरीच्या झुडपात जाऊन अडकला. तिथून चौघांनी काढला. गबिनियसनं एक पाय धरला होता.

बिशप म्हणाला, "याला लिहिता वाचता येत नाही."

डीकन म्हणाला, "जुगमेनालाही येत नव्हतं. आणि हा खोटं बोलताना शुभवर्तमानच सांगत होता, स्वामी. आता खरं बोलून सांगू द्या."

मग त्यानं बाची दुभाष्याची गोष्ट बिशपच्या कानात सांगितली, आणि म्हाताऱ्यानं ती डोळे मिटून ऐकली. मग विचारलं, "पुढे काय झालं? त्या दुभाष्यानं विचारलं का तिला, साहेबानं विचारलं ते?"

बा म्हणाला, "विचारलं. रडत विचारलं."

"आणि ती?"

"नाही म्हणाली. त्याचं भाषांतर करावं लागलं नाही. साहेबाला कळलं."

बिशपनं हात ठेवले. हाताला लापशी लागली.

तर आता बा पाळक आहे, आणि तो आपल्या बोलीत सांगणार, उघडपणे. लिबेरालिस जायला तयार नाही. म्हणतो, यादेरला अक्षरं शिकवतो आणि त्याच्याकडून बोली शिकतो. त्यानं काल रात्रीपासून चार वाट्या गोगलगायी खाल्ल्यात. बिशपनं आईला सांगितलं, आता तुम्ही दोघं बहीणभावासारखं राहा. आई म्हणाली, घाण्याच्या वासापायी ते केव्हाच सुरू झालंय.

मी बाला विचारलं, ती दुभाष्याची गोष्ट खरी का? आपण कुणीच ऐकली नव्हती.

म्हणाला, "मीही नव्हती ऐकली. बोलताना आली."

रोगाता


त्यानंतर चौथ्या दिवशी

हे पत्र बा सांगतोय. मी लिहितेय. मला बजावलंय, शब्दाला शब्द.

"लिही. नाम्फामो."

(हो, दादा. नाव घेतलं. मी लेखणी खाली ठेवली, तर ओरडला, लिही म्हटलं ना.)

"नाम्फामो. तुझी बहीण म्हणते, ती ओरडली होती. मला आज सांगितलं. तिला दोन दिवस घाण्यावर लावलंय. दगड ढकलतेय."

(खरं आहे. तळहाताला फोड आलेत म्हणून अक्षर असं.)

"गावात म्हणतात, यादेर रीत म्हणून पळाला, चांगला पळाला. म्हणू देत. तुला सांगतो. मी रीतीनं पळालो नाही. माझे पाय निघाले. मला विचारलंसुद्धा नाही पायांनी. ते बोरीचं झुडूप नसतं तर मी कुठे थांबलो असतो देवालाच ठाऊक. झुडपात अडकलो होतो, काटे टोचत होते, आणि मला तुझीच आठवण आली. म्हटलं, याच्या वाटेत एक बोर नव्हती एवढंच. वर्षभर मी तुझ्यावर रागावलो ते एका झुडपावरून."

(इथे त्यानं उठून दिव्यात तेल घातलं. आई दारात येऊन उभी आहे. बानं तिला जा म्हटलं, ती गेली नाही.)

"लिबेरालिस म्हणतो, सगळं शुभवर्तमान आपल्या बोलीत उतरवायचं. मी सांगायचं, कुणीतरी भराभर लिहून घ्यायचं. रोगाता लिहिते तर शेळी चालल्यासारखं लिहिते."

(शब्दाला शब्द लिहिलंय.)

"तुला ये म्हणत नाही. तुझी तिथे नोकरी आहे, मान आहे. पाळक तुला कुणी करणार नाही आता, ती जागा भरली. एवढंच सांगतो की कार्थेज सात दिवसांच्या वाटेवर आहे. पुढच्या महिन्यात मी तेल घेऊन निघणार. पाळक झालो म्हणून तेल विकायचं सोडलेलं नाही. साडेतीन दिवसांवर नदीकाठी सराई आहे, अंजिराच्या झाडाखाली, मालकीण बहिरी आहे. मी तिथे दोन दिवस थांबेन. खेचरांना विसावा लागतो."

"खेचरांना लागतो असंच लिही. मला लागतो असं लिहू नकोस."

"बस. काय लिहिलंस ते वाचून दाखव."